चंद्रकळेवरचा कांदा

फुलाचा फोटो काढायचा तर मागं काळं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी कुठल्या शाळेत शिकलेले नाही. अवसरी बुद्रुकच्या आमच्या घरात, पडवीतल्या खुंटीला सासूबाईंची चंद्रकळा टांगून शिकले. चंद्रकळा म्हणजे त्यांची संक्रांतीची काळी साडी. काठ आत दुमडले की नुसता काळोख उरतो. फूल साडीच्या हातभर पुढं धरायचं, दार अर्धं ओढून उजेड एकाच बाजूनं येऊ द्यायचा आणि मोबाइलवर फुलाला बोट टेकवून उजेड कमी करत जायचं. साडी दिसेनाशी होते, फूल तेवढं राहतं. वांग्याचं जांभळं फूल, कारल्याचं पिवळं, तेरडा, शेवगा, सगळी अशीच काढली. गावातले हसायचे. "वहिनी, वांग्याचा कसला फोटू काढता, भाजी करा." मी म्हणायचे, भाजी तुमच्या घरी करा, मी फोटोच काढणार.

मुळात हे सुरू झालं आत्याबाईंसाठी. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर जमेल तेवढी टिकवू, गेलेली काही परत येणार नाही. हिरव्या पानांतलं फूल त्यांना दिसेना झालं. सगळं आयुष्य मळ्यात काढलेली बाई, आणि मिरची फुलावर आलीय का हे मला विचारायची, तेही हळूच, कुणी ऐकू नये अशा बेतानं. मला ते बघवायचं नाही. एकदा चंद्रकळा उन्हाला टाकली होती आणि तिच्यावर जास्वंदीचं फूल पडलं. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ते तांबडं काय पडलंय गं?" झालं! काळ्यावर यांना दिसतं. त्या दिवसापासून रोज एक फूल. मोबाइल नाकाशी धरून, फोटो बोटांनी मोठा करून बघायच्या आणि वर मलाच सांगायच्या, "पाकळीला कीड लागलीय, फवारा मारा म्हनावं."

एकच गोष्ट मला दाखवता येत नव्हती. त्यांची धाकटी बहीण, निमगाव साव्याच्या मावशी. माझ्या मुलीच्या लग्नात मावशींच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी हळदीला हात घातला, आणि त्यावरून दोघी बहिणी मांडवात अशा भांडल्या की वाजवणारे वाजवायचे थांबले. "पुन्यांदा तुझं तोंड बघणार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "म्या दावणार बी न्हाई," मावशी म्हणाल्या. तेव्हापासून जाणं-येणं बंद. आणि मग आत्याबाईंचे डोळे असे झाले.

एका दुपारी कारल्याचं फूल बघता बघता त्या म्हणाल्या, "तोंड बघणार न्हाई म्हनले व्हते ना. देवानं तेवढं बरं आयकलं. बाकीचं मेल्यानं कदी आयकलं न्हाई."

"मावशींना फोन लावू?"

"लावशील तर माझ्याशी गाठ हाय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! पण मला भीती वाटायची. यांचा हट्ट आधी संपतो की नजर आधी संपते, याचीच मला रात्रंदिवस काळजी होती.

आता कांद्याचं सांगते. दरवर्षी आत्याबाई चांगले कांदे निवडून बियाण्यासाठी लावतात. त्यांना उंच दांडा येतो आणि दांड्यावर पांढरा गोल गोंडा फुलतो. यंदा त्यांनी कांदे हातानं चाचपून निवडले, चाचपूनच लावले. बाकीचे गोंडे वाळून काढून झाले, एकच मागं राहिला होता, फुललेला. सकाळी तो चंद्रकळेपुढं धरला, आणि असा फोटो आला म्हणून सांगू! एकेक बारीक फूल सुटं दिसत होतं. मी तो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'आत्याबाईंच्या हातचं शेवटचं फूल', मोबाइल चार्जिंगला लावला आणि धारा काढायला गोठ्यात गेले.

आमच्याकडं कुणी गेलं की घरात रडारड व्हायच्या आधी स्टेटस लागतं. काळं काहीतरी, त्यावर पांढरं फूल, खाली दोन शब्द. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण तो कांदा होता! कांद्यावर घरं बांधलेली माणसं, आणि कांद्याचं फूल ओळखता येऊ नये? मला अजून त्यांचाच राग येतो.

धारा, शेणघाण सगळं आटोपून गोठ्यातून आले तर मोबाइलवर आळे गावात दिलेल्या नणंदेचा मेसेज, 'माती किती वाजता?' माती म्हणजे अंत्यविधी. गावाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. दारात शेजारचे दोघं खाली मान घालून उभे. "कवा झालं, वहिनी?"

"काय कवा झालं?" असं आत्याबाईंनीच विचारलं. त्या तिथंच ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. दोघं असे मागं सरले की एकाचा पाय कोंबडीवर पडला.

"आवं, कांदा हाय तो, कांदा!" मी ओरडले.

तेवढ्यात रस्त्याला जीप थांबली. रडणं आधी आलं, माणूस मागनं. "मला न भेटताच गेलीस गं बाय माझी!" निमगावच्या मावशी. आत्याबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. आवाज ओळखायला डोळे कशाला लागतात?

"कोन गेलंय म्हनून रडतीस गं?" त्या म्हणाल्या.

मावशी अंगणात खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागं लख्ख ऊन होतं, म्हणजे आत्याबाईंना नुसता काळा आकार दिसत असणार. त्यांनी डोळे ताणले, मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "तुझं तोंड दिसत न्हाई."

मावशींनी भलताच अर्थ घेतला. "आजून तेच का? म्या तुझ्या मातीला पळत आले, आन् तू माझं तोंड बघायला तयार न्हाईस?" आणि वळल्याच त्या जीपकडं.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "मावशी, त्यांना खरंच दिसत नाही. डोळे गेलेत त्यांचे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी सांगू दिलं नाही."

मावशी वळून ओट्याकडं बघू लागल्या. पुढं मी कुणाला विचारत बसले नाही. त्यांना पडवीत नेलं, चंद्रकळेपुढं हातभर अंतर ठेवून स्टुलावर बसवलं, दार अर्धं ओढलं.

"काळं कशाला गं माझ्या मागं?"

"गप बसा. हलू नका." फुलाला हे सांगावं लागत नाही.

आत्याबाईंनी मोबाइल नाकाशी धरला आणि फोटो मोठा केला. आधी पांढरे केस आले. मग कपाळावरचं हिरवं गोंदण, लहानपणी जत्रेत दोघींनी एकाच बाईकडून गोंदवून घेतलेलं. त्यांचं बोट तिथं थांबलं. मग डोळे, नाक, हनुवटी. बोट पुन्हा गोंदणाशी गेलं. दिसतंय ना यांना?

"आगं बया," त्या म्हणाल्या, "तू तर आईवानी दिसाया लागलीस!"

मावशी स्टुलावरून उठून त्यांच्या गळ्यातच पडल्या. "मग आता आईचं आयकायचं. भांडायचं न्हाई." दोघी रडल्या, मी पण रडले. दारातले दोघं आलेच होते, तर त्यांनीही डोळे पुसून घेतले.

रडून झाल्यावर आत्याबाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला. "ह्यो फोटू लाव तुझ्या त्या स्टेटसला."

"काळ्यावर लावला तर लोक आता मावशींच्या मातीला येतील, आत्याबाई."

"येऊ दे. च्या पाजू त्यास्नी." त्यांनी बहिणीचा हात सोडला नव्हता. "आन् खाली लिव्ह, तोंड बघितलं."