सीझर झालं

गावंडे सर फळ्यावर नवा इंग्रजी शब्द लिहायचे आणि खडू खाली ठेवून विचारायचे, "याचा सातबारा कोनाच्या नावानं हाये?" अमरावतीच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते इंग्रजी शिकवत, मी गणित. शब्द कुठून आला, कोणाच्या हातून फिरला, हे कळल्याशिवाय गडी पुढे सरकायचा नाही. पोर्शन मागे पडायचा, संचालक करवादायचे, सर ढिम्म.

'सीझ' हा त्यांचा लाडका शब्द. "पोलिसाइनं गाडी नेली, सीझ. ऑइल संपून इंजिन जाम झालं, सीझ. मानसाले झटका आला, तोई सीझरच." मग माझ्याकडे वळून, "समजलं का मॅडम, का तुमाले निस्तं एक्स-वायच समजते?" असा छळ मांडायचे.

त्यांची एकुलती एक लेक, पल्लवी, अकोल्याला दिली होती. आठवा महिना चालू होता. तिला आई नव्हती, म्हणून डोहाळजेवणसुद्धा सरांनीच हौसेनं केलं होतं.

एका दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा, डॉक्टर म्हनून राहिले, पल्लवीले सीझर झालं. लवकर या." फोन कटला, परत लागेना. सर ओरडलेच, "मॅडम, आजोबा झालो मी!" आपल्याकडे सीझर म्हणजे पोट फाडून बाळंतपण, दुसरं काय? मलाही दुसरं काही सुचलं नाही. क्लासभर पेढे वाटले आणि उरलेला पुडा घेऊन आम्ही अकोल्याची बस धरली. सर वाटभर नावं काढत होते.

जावई दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसला होता. पुडा पाहून त्याला रडू फुटलं. "बाबा, पेढे काहून आनले?" तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बीपी वाढून एकामागून एक झटके आले, म्हणाल्या. बाळ गेलं, पल्लवीही गेली. "म्हंजे थे सीझर..." सर एवढंच बोलले. मला अजून त्या शब्दाचा संताप येतो.

संध्याकाळी एक कर्मचारी कागद घेऊन आला. "बॉडी ताब्यात घ्या. इथं सही करा."

सरांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. "मॅडम, पोराइले एक सांगाचं राह्यलं. सीझचा पयला अर्थ हिसकनं नवता. कोनाले जमिनीचा ताबा देनं, असा होता. देनं."

मग 'ताबा मिळाला' असं छापलेल्या ओळीखाली त्यांनी सही केली.