सेहेचाळिसावा धागा

तार हातात आली की ते डोळे मिटायचे. मग ती उजव्या कानाजवळ नेऊन हळूच वाकवायचे, आणि आपण काही बोलायला तोंड उघडलं की डावा हात वर करून म्हणायचे, "तनक हाथ न लगइयो." आपण हात लावलेला नसायचाच. पण त्यांच्या लेखी मधे बोलणं म्हणजेसुद्धा हात लावणं.

झाशीच्या लक्ष्मी गेटच्या आत त्यांचं दुकान होतं. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. मी एकदा मोजलं होतं. एक खाट, एक बाक, आणि भिंतीतल्या खिळ्यांना टांगलेली तारांची भेंडोळी. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. सगळे मिस्त्रीजी म्हणत, मीही म्हणत असे. तुमच्याही गावात असे एखादे मिस्त्रीजी असतील, ज्यांच्याकडे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर माणूस जातो आणि मग आधीच का गेलो नाही असं म्हणतो.

शेवटी धक्का देणं मला जमत नाही, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्यांची नजर जात होती आणि ते लपवत होते. बघितल्याशिवाय काम करता यावं म्हणून त्यांनी माझ्या गाडीत एक सोय करून ठेवली होती. ती सोय मी माझ्या हातांनी कापून टाकली. नीट, मोजून, तक्ता करून.

गाडी वडिलांची. ते डॉक्टर होते. जवळच्या एका प्रकल्पावर आलेल्या जर्मन इंजिनियरला त्यांनी काविळीतून उठवलं, तेव्हापासून दोघांची दोस्ती. परत जाताना तो आपली गाडी वडिलांना विकून गेला. त्या काळी झाशीत ती बघायला लोक उभे राहायचे. तिला इतर गाड्यांसारखा हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर नव्हता. डॅशबोर्डच्या मागे एक पेटी होती. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय हे तारांमधून त्या पेटीला कळायचं, आणि पेटी तारांमधूनच इंजेक्टरना पेट्रोल सोडायला सांगायची. पेटीला येऊन मिळणाऱ्या तारा तेवीस.

वडील गेले, गाडी माझ्याकडे आली, आणि वयाच्या विसाव्या वर्षी ती अडखळू लागली. सकाळी थंड असताना ठीक, बाजारात जाऊन तापली की आचके. तीन गॅरेजं फिरलो. तिन्हीकडे एकच सल्ला: "इसको निकाल फेंको साहब, कार्बोरेटर डलवा लो." मी सिंचन विभागात पाण्याच्या पातळ्यांचे तक्ते करणारा माणूस. मीटर घेऊन तेवीसच्या तेवीस तारा स्वतः तपासल्या. आकडे बरोबर आले. आकडे बरोबर आणि गाडी अडखळते, हे मला सहन होईना.

शेवटी मिस्त्रीजींना गाठलं. त्यांनी माझा आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. एक तार कानाशी नेली, वाकवली, आणि मग माझ्या कानाशी धरून पुन्हा वाकवली. पापड मोडल्यासारखा आवाज आला. वरचं रबर त्यांच्या तळहातावर चुरा होऊन पडलं.

"ठंडे में तो सब सच बोलत हैं, भाऊसाहब," ते म्हणाले. "तपन दो, फिर पूछो."

झाशीचा उन्हाळा आणि वर इंजिनाची धग. वीस वर्षांत रबराची राख झाली होती. उघड्या तारा तापून, हलून एकमेकींना चिकटत होत्या. कार्बोरेटरचं नाव मी काढलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खाटेवर चपला ठेवल्या. "जिसने बनाई, सोच के बनाई. तार बदल देब, बस."

आमच्या अंगणातच काम झालं. त्यांनी जुना जुडगा जसाच्या तसा काढून खाटेवर पसरला, प्रत्येक वळणाला सुतळीने बांधला, आणि त्याच्याच मापाने एकेक नवी तार वर टाकत गेले. दीड महिना. उष्णता सोसणारी तार त्यांनी कानपूरहून मागवली होती, ती एकाच रंगाची मिळाली. पांढरी. तेवीस पांढऱ्या तारा बघून मी विचारलं,

"पहचानोगे कैसे?"

ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "भाभीजी, पुरानी राखी होय तो दै दियो."

माझ्या बहिणींनी वर्षानुवर्षं पाठवलेल्या राख्या बायकोने एका डब्यात जपल्या होत्या. तिने डबाच आणून दिला. त्यांनी राख्यांचं रेशीम उसवलं. इंजेक्टरकडच्या बाजूच्या तारांना रेशीम, हवा आणि उष्णता सांगणाऱ्यांना जाड सूत, पंप वगैरेंना सुतळी. धाग्यावर गाठी, एकापासून आठपर्यंत. तारेच्या दोन्ही टोकांना तोच धागा, तेवढ्याच गाठी. वरून वॉर्निश पाजलं. तेवीस तारा, सेहेचाळीस धागे.

"पेटी के पीछे आँख नईं जात," त्यांनी मला समजावलं, "उँगरियाँ जात हैं." आणि मग, जाताना: "गाँठन को तनक हाथ न लगइयो."

गाडी सुरू झाली ती शिवणयंत्रासारखी. मी इंजिनाच्या झाकणावर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पाणी हललं नाही.

आता एक जुनी गोष्ट. कितीतरी वर्षं सकाळी त्यांच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर मिस्त्रीजी मोठ्याने अखबार वाचत आणि पाच-सहा जण ऐकत. मधे मधे स्वतःची भर घालत. नेत्याच्या भाषणानंतर "इत्ती कही, करी कछु नईं" हे छापलेलंच आहे अशा सुरात वाचत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नंतर कधीतरी ते थांबलं. विचारलं तर म्हणाले, "अब अखबार में धरो का है." सगळे हसले, मीही हसलो. ही गोष्ट मी विसरलो नसतो तर पुढचं झालं नसतं.

गाडी नीट झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात पुण्याहून माझे थोरले मावसभाऊ मुलाबाळांसह आले. आम्ही इथे सहा पिढ्यांचे. आमच्या मराठीची पुण्याला गंमत वाटते. सगळ्यांना गाडीतून किल्ल्याकडे नेऊन आणलं. परत आल्यावर त्यांनी इंजिनाचं झाकण उघडायला लावलं आणि बघतच राहिले.

"अरे, हे काय? इंजिनाला राख्या? ओवाळणी काय घालतं तुला?" मग सगळ्यांकडे वळून, "गाडी याच्या मराठीसारखीच आहे. बाहेरून परदेशी थाट, आत सगळं बुंदेलखंड."

मुलं हसली. माझी मुलगीसुद्धा हसली. मीही हसलो, आणि ते हसणं मला चार दिवस सलत राहिलं.

पाहुणे गेले तसा मी कात्री घेऊन बसलो. आधी तक्ता केला: अनुक्रमांक, धागा, गाठी, कुठून, कुठे, शेरा. मग एकेक धागा कापून तिथे टंकलेल्या आकड्याची चिठ्ठी गुंडाळली, वरून पारदर्शक टेप. बायको दारात येऊन उभी राहिली.

"त्यांना विचारलंत?"

"गाडी माझी आहे."

"राख्या माझ्या डब्यातल्या होत्या," ती म्हणाली आणि आत गेली.

पंचेचाळीस चिठ्ठ्या लागल्या. एक टोक पेटीच्या मागे असं अडकलं होतं की आरसा धरूनही दिसेना. मी पाचव्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं, 'दिसत नाही'. बाकी तक्त्यात एकही चूक नव्हती. आजही नाही.

पावसाळ्यानंतर एक इंजेक्टर मधेच बंद पडू लागला. रविवारी सकाळी मिस्त्रीजी आले. नेहमीप्रमाणे सीटवर आडवे झाले, डॅशबोर्डखालून हात घातला, डोळे मिटले. मी बाजूला उभा होतो. त्यांची बोटं एका तारेवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली, आणि मग पुन्हा पहिलीवर आली.

"गाँठें?"

"निकाल दीं, मिस्त्रीजी. नंबर डाल दिए. एक से तेईस. देखिए तो, कितना साफ लग रहा है."

त्यांचा हात आतच होता. अंगठा एका चिठ्ठीवर फिरत होता. टेप गुळगुळीत, बोटाला सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच. मग ते उठून बसले. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, हात लांब केला, जवळ आणला, आणि घडी घालून मला परत दिला. घडी अगदी सरळ घातली होती.

तेव्हा मी एक वाक्य बोललो. "नंबर पढ़ना नहीं आता था तो पहले बता देते. मैं कुछ और निशान बना देता."

त्यांनी माझ्या चेहऱ्याच्या दिशेने बघितलं.

"हओ, भाऊसाहब," ते म्हणाले. "नईं आउत."

ज्यांना मी वर्षानुवर्षं अखबार वाचताना ऐकलं, त्यांनी आपल्याला अक्षरओळख नाही असं सांगितलं आणि मी ते मानलं. इतकंच नाही, मला दयाही आली. न शिकलेल्या मिस्त्रीला काम मिळतं; ज्याला दिसत नाही त्याला कोण देतो? दोन्हींतलं एक निवडायची वेळ मी त्यांच्यावर आणली, आणि त्यांनी पटकन निवडलं.

पिशवी उचलून ते फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी त्यांनी हाताने चाचपली. मी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही.

दुसरा एक मिस्त्री आला. त्याने पंधरा मिनिटांत दोष काढला. "नंबर बढ़िया डाले हैं साहब, मजा आ गया," असंही म्हणाला. मी इतका खूश झालो की दसऱ्याच्या सुमारास लक्ष्मी गेटकडे गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर ते सांगितलं. समोरचं दुकान बंद होतं. टपरीवाल्याने पेला विसळता विसळता माझ्याकडे न बघता विचारलं, "गाँठें आपने काटी थीं?"

"हाँ. उनको नंबर पढ़ना..."

"उनको दिखता कहाँ है भाऊसाहब. चार साल हो गए. मोहल्ले में सबको मालूम है." पेला त्याने पालथा घातला. "आपकी गाड़ी पे बोलते थे, एक तो है जिसमें हम अभी मिस्त्री हैं. उसके बाद काम लेना छोड़ दिए. बेटी आके गुरसराय ले गई."

कुणीही दुसऱ्या दिवशी गुरसरायची बस पकडली असती. मी घरी आलो आणि तक्ता काढला. रिकाम्या हाताने कसं जायचं? आधी सगळे धागे पुन्हा बांधायचे, मग गाडी घेऊन जायचं, त्यांचा हात आत घालायला लावायचा, आणि एक शब्द न बोलता उभं राहायचं, असं मी ठरवलं. बायकोने डब्यातल्या उरलेल्या राख्या पुढे ठेवल्या. "आधी जाऊन या," एवढंच म्हणाली.

पण काम अर्धं ठेवून जाणं माझ्या स्वभावात नाही. आणि गाठी बांधणं हे काम मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. माझ्या गाठी बुंदीसारख्या फुगायच्या. चार बांधल्या की डोळे मिटून मोजायचो. कधी तीन लागायच्या, कधी पाच. उसवायचो, पुन्हा बांधायचो. रविवारमागून रविवार. दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीच्या आदल्या रविवारी पंचेचाळीस पुरे झाले.

होळी झाल्यावर गेलो. वाटेत गाडी एकदाही अडखळली नाही. दार त्यांच्या मुलीने उघडलं. मी कोण ते सांगायच्या आधी तिने माझ्या मागे उभी असलेली गाडी पाहिली.

"आप नंबरवाले भाऊसाहब हैं?"

मी मान हलवली.

"बाबूजी तो माघ में चले गए." तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणलं. मग म्हणाली, "आपकी बात बहुत करते थे. कहते थे, नंबर साफ डाले हैं उन्होंने, आगे जो करेगा उसको आसानी रहेगी. कहते थे, हमको पहले ही डाल देने चाहिए थे."

मी पाणी प्यायलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. निघताना तिने विचारलं, "गाड़ी ठीक चलती है न?" मी हो म्हणालो.

घरी आल्यावर मी गाडीतून लगेच उतरलो नाही. सीटवर आडवा झालो, डॅशबोर्डखालून हात घातला आणि डोळे मिटले. माझ्या फुगीर गाठी एकामागून एक लागत गेल्या. पेटीच्या मागे, जिथे आरसाही पोचला नव्हता, तिथे खांदा दुखेपर्यंत हात लांबवला तेव्हा बोटाच्या टोकाला रेशीम लागलं. मोहरीएवढ्या गाठी, एकसारख्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. पहिल्याच खेपेला मोजता आल्या. पाच.

रंग कोणता ते कळायला मार्ग नाही. मी घरात जाऊन तक्ता काढला. पाचव्या ओळीत 'दिसत नाही' असं होतं, ते तसंच राहू दिलं. त्याच्यापुढे लिहिलं, 'हात लावू नये'.