पदराखालचा हात

भोसरीतल्या मुलामुलींना मी छायाचित्रण शिकवीत होतो. एका मुलीने आपल्या आईचा फोटो आणला. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये दोन बोटे गेलेला उजवा हात आईने पदराखाली घेतला होता. मी म्हणालो, “हात दिसल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.” मुलीने पुन्हा फोटो काढला; सरांनी सांगितले म्हणून आईनेही हात पुढे केला.

प्रदर्शनात लोक त्या फोटोपाशी थांबत आणि मग तिथेच उभ्या असलेल्या आईच्या पदराकडे पाहत. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “फोटू चांगला हाय, सर. पण आता ह्यो हात कुठं ठिवू?”

मी तो फोटो उतरवून मुलीचा पहिला फोटो लावला. पण लोकांनी हात पाहिलेला होता, आणि तो दाखवण्याचा हट्ट माझा होता.