कंपनीच्या बाकड्यावर मुखरू अलोणे

मुखरू अलोणे सागाच्या लठ्ठ्यावर घनाचा एक ठोका मारायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि सांगून टाकायचा, भरीव की पोकळ. आलापल्लीच्या लाकूड डेपोत बावीस वर्षं त्याचं हेच काम. बाहेरून बघावं तर लठ्ठा कसा राजबिंडा, आणि आतून वाळवीनं पार पोखरलेला! ते ठोक्याच्या आवाजात कळतं, पण तो आवाज ओळखणारा कान किती जणांना असतो? लिलावाला नागपूर-रायपूरचे ठेकेदार यायचे, लाकडात मुरलेले लोक, पण बोली लावायच्या आधी हळूच विचारायचे, "मुखरूभाऊ काय म्हणते?" हजेरीपटावर मात्र तो बावीस वर्षं रोजंदारी मजूरच राहिला. पुढच्या साली कायम करतो, म्हणत किती साहेब आले आणि बदलून गेले.

डेपोच्या आधी तो आठ वर्षं आरागिरणीत होता. तिथला आरा दिवसभर कानाशी किंचाळायचा. त्यानं कान आतल्या आत खाल्ले असणार, कारण पन्नाशी जवळ आली तसं मुखरूला कमी ऐकू यायला लागलं. बहिऱ्या माणसाचा आवाज वाढत जातो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. मुखरूनं जेवताना मीठ मागितलं की शेजारची चार घरं ऐकायची. बायको मनकर्णा आधी हसायची, मग चिडायची, मग तिनं खुणांनी बोलणं सुरू केलं. घरी हे खपून गेलं. डेपोत कसं खपणार? पंच्याऐंशी सालच्या लिलावात मुखरूनं भरीव म्हणून सांगितलेला लठ्ठा गिरणीत चिरला तेव्हा आतून पोकळ ढोल निघाला. ठेकेदारानं साहेबांपुढं आरडाओरडा केला. साहेबांनी मुखरूला बोलावून कानाकडं बोट दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "याचं काही तरी कर. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

आणि नेमकं त्याच महिन्यात 'श्रुतिसागर' या कानाच्या मशीनच्या कंपनीचं शिबिर ग्रामपंचायतीत लागलं. गिधाडांना वास बरोबर येतो. टाय लावलेला एजंट, टेबलावर पांढरा कपडा, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं. एजंटनं मुखरूच्या खिशात काडेपेटीहून जराशी मोठी डबी ठेवली, वायरीचं टोक कानात बसवलं आणि बटण फिरवलं. मुखरू एकदम दचकला. बाजूला उभ्या असलेल्या मनकर्णाकडं वळून म्हणाला, "तुह्या बांगड्या वाजून राह्यल्या!" ती हसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. झालं. दुसऱ्याच दिवशी मनकर्णाची दुभती गाय बाजारात गेली आणि डबी घरी आली.

खोटं कशाला बोला, पहिले सहा महिने त्या डबीनं चांगलं काम दिलं. मुखरूचा ठोका पुन्हा खरा ठरायला लागला. पण कंपनीचे खेळ हळूहळू कळत गेले. डबीत लागणारा सेल कुठल्याच दुकानात मिळेना. बाजारातला बारका सेल त्या खाचेत घालायला जावं तर किंचित मोठा. एवढासाच फरक, पण मुद्दाम ठेवलेला! सेल फक्त कंपनीच्या चंद्रपूरच्या शोरूममधून मिळणार, आधी पैसे पाठवायचे, मग महिनाभर पोस्टमनची वाट बघत बहिरं बसायचं. डबीच्या मागं लाल लाखेचं सील. गावातला रेडिओ दुरुस्त करणारा झिंगू म्हणाला, "भाऊ, उघडून साफ करायले दोन मिनटं लागते. पन सील तुटलं का तुमची ग्यारंटी गेली. सांगा, तोडू काय?" मुखरूनं त्याच्या हातातून डबी काढून घेतली. विकत घेतलेली वस्तू, आपल्या गाईच्या बदल्यात आणलेली, आणि तिला हात लावायची आपल्यालाच चोरी! असला सौदा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

मग पावसाळा लागला. ज्यानं त्या मुलखातला पावसाळा काढलाय त्यालाच माहीत. चार चार दिवस सूर्य दिसत नाही, चपलांना बुरशी, कपड्यांना बुरशी, भिंतीला हात लावला तर हात ओला. डबीबरोबर कंपनीचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. मुखरूनं ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं आणि त्यांनी पानाच्या कडेला पेन्सिलीनं मराठी लिहून दिलं होतं, 'ओलाव्यापासून जपावे. वापर नसताना कोरड्या, उबदार जागी ठेवावे.' आता झाडीपट्टीतल्या घरात पावसाळ्यात कोरडी आणि उबदार जागा कोणती? लहान पोरही सांगेल. चुलीवरचं शिंकं. बियाण्याची गाडगी तिथं, सुकी मासळी तिथं, काडेपेटी तिथं. मनकर्णानं डबी स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि रोज रात्री मोठ्या निगुतीनं तिथं ठेवायला लागली. देवघरात देव ठेवावा तशी, असं म्हटलं असतं, पण अलोणे कुटुंब छप्पन्न सालापासून बुद्धाचं. बाबासाहेबांच्या तसबिरीखालची फळी सुद्धा तिनं आधी बघितली होती. ती ओली होती.

भादव्यात डबी मुकी झाली. नवा सेल घातला तरी मुकी. मुखरूनं मास्तरांकडून तीन पत्रं लिहून घेतली. तिन्हींना एकच छापील कार्ड आलं, 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. श्रुतिसागर सदैव आपल्या सेवेत.' सेवेत म्हणे! इकडं डेपोच्या साहेबांनी तारीख देऊन टाकली. पंधरा ऑक्टोबरपासून लठ्ठ्यांची तपासणी सुरू. त्या दिवशी कान चालू असतील तर ये, नसतील तर येऊ नकोस.

बारा तारखेला मुखरूनं डबी आणि पुस्तक पिशवीत घातलं आणि चंद्रपूरची एस.टी. धरली. तेरा तारखेला सकाळी शोरूम उघडताच तो आत. काचेची दारं, थंडगार फरशी, गिऱ्हाइकांसाठी गुबगुबीत बाकडं. मॅनेजरनं डबी आतल्या माणसाकडं दिली, पाच मिनिटांत परत आणली आणि मुखरूला ऐकू येत नाही म्हणून वहीच्या कागदावर लिहिलं. मुखरू चौथी शिकलेला, त्यानं बोट ठेवून वाचलं. 'आत धुराची काजळी. ग्राहकाचा निष्काळजीपणा. गॅरंटी लागू नाही. हे मॉडेल बंद झाले. नवीन घ्या, जुन्यावर सूट देऊ.'

"निष्काळजीपना?" मुखरूचा आवाज रस्त्यावर गेला. त्यानं पुस्तक काढून पेन्सिलीची ओळ मॅनेजरच्या नाकासमोर धरली. "कोरड्या, उबदार जागी. हे तुमीच छापलं ना? माही बायको रोज फडक्यात बांधून ठेवत होती, तिच्या डोळ्यात धूर जाये तरी ठेवत होती. अन् तुमी तिले निष्काळजी म्हनता?"

मॅनेजरनं कपाळाला आठ्या घालून लिहिलं, 'कपाटात ठेवायचे असते.'

"कपाट!" मुखरू म्हणाला. "कपाट माह्या बापानं पाह्यलं नाई. गाईचे पैसे घेतले तवा नाई इचारलं कपाट हाय का म्हनून."

मॅनेजरनं दाराकडं हात केला. मुखरूनं दाराकडं बघितलं, मॅनेजरकडं बघितलं, आणि तो त्या गुबगुबीत बाकड्यावर जाऊन बसला. अंगात नुसती आग उठली होती. पण करणार काय? ओरडून उपयोग नाही, रडायची लाज. मग एक मास्तरीणबाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आत आल्या आणि मुखरूला काय करायचं ते आपोआप सुचलं.

"बाई, घेऊ नका," तो म्हणाला. आपल्या मते हळूच म्हणाला, पण पलीकडच्या पानठेल्यावर सुद्धा ऐकू गेलं. "सेल भेटत नाई. उघडू देत नाई. बिघडली का म्हनते तुमचीच चूक. माही गाय गेली." बाई थबकल्या. मॅनेजर धावत आला, हातवारे केले, ओरडला, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मुखरूनं शांतपणे कानाला हात लावला. "मले ऐकू येत नाई, साहेब. मशीन सुरू करून द्या, मंग बोला." बाई आईचा हात धरून बाहेर पडल्या.

दिवसभर हेच. गिऱ्हाईक आलं की मुखरू सुरू. मॅनेजर हात जोडायचा, डोळे वटारायचा, आणि मुखरूचं उत्तर ठरलेलं, मशीन सुरू करा, मग बोला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं हवालदार आणला. हवालदारानं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि मॅनेजरलाच विचारलं, "हे तर माझ्या आईकडं आहे. सेलाला पैसे पाठवून तीन महिने झाले. कुठं आहेत सेल?" मॅनेजरचं तोंड एवढंसं झालं. हवालदार आपली टोपी सारखी करून निघून गेला.

पण चौदा तारखेची संध्याकाळ झाली तेव्हा मुखरू बाकड्यावरून उठून बाहेर पडला. आलापल्लीची शेवटची गाडी स्टँडवर उभी होती. ती धरली तर उद्या सकाळी डेपोत वेळेवर, पण बहिरा. थांबलं तर कदाचित कान मिळेल, पण तारीख चुकेल. त्यानं गाडीच्या दांड्याला हात लावला आणि काढून घेतला. बावीस वर्षं काम केलंय, एका दिवसानं काय बिघडतंय, साहेब काही राक्षस नाही, असं स्वतःला बजावून तो तिथंच फलाटावर आडवा झाला.

पंधरा तारखेला चंद्रपूर सकाळपासूनच पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं. तिथल्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा वार्षिक सोहळा. मूल गाव, सिंदेवाही, अहेरी, कुठून कुठून माणसं आलेली. शोरूमच्या समोरूनच वाट. मुखरूचा आवाज ऐकून लोक डोकावायला लागले, जयभीम करून आत यायला लागले. मूलच्या एका म्हाताऱ्यानं कोटाच्या खिशातून तशीच डबी काढून काउंटरवर ठेवली. एका बाईनं थैलीतून दुसरी काढली. दुपारपर्यंत काउंटरवर चार मुक्या डब्या ओळीनं पडल्या आणि दारात एवढी गर्दी झाली की खरं गिऱ्हाईक आत येईना. तेव्हा कुठं कंपनीला ऐकू यायला लागलं!

मॅनेजरनं मुखरूला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर नवीकोरी डबी आणि सहा सेल. शेजारी छापील कागद, त्यावर लिहिलेलं, 'माझे पूर्ण समाधान झाले आहे. कंपनीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.' मॅनेजरनं एका हातानं डबी धरली आणि दुसऱ्या हातानं पेन पुढं केलं. आधी सही, मग डबी. मुखरूनं काचेतून बाहेर बघितलं. मूलचा म्हातारा आशेनं त्याच्याकडंच बघत होता. हा माणूस आपल्या चौघांसाठी भांडतोय अशीच त्याची समजूत. मुखरूला त्या क्षणी स्वतःची शरम वाटली, आणि ती शरम वाटायला लावणाऱ्या त्या थंडगार दुकानाचा असा संताप आला की पेन मोडून टाकावं. पण डेपो डोळ्यांपुढं होता. त्यानं सही केली. बाहेर येऊन म्हाताऱ्याला म्हणाला, "दादा, या बाकड्यावर बसा. मी तीन दिवस बसलो. उठू नका." आणि त्याच्या डोळ्यात न बघता स्टँडकडं पळाला. दीक्षाभूमीला त्यानं दुरूनच हात जोडले.

सोळा तारखेला सकाळी तो डेपोच्या फाटकाशी उतरला. खिशात डबी, कानात वायर. काय मशीन होती! झाडावरचे पोपट वेगवेगळे ऐकू येत होते, फाटकाची कडी, पायाखालचा पाचोळा, सगळं. आणि आतून घनाचा ठोका. मुखरू उभा राहिला. आणखी एक ठोका. लठ्ठ्यांच्या थप्पीपाशी कुणी तरी घन मारत होतं, साहेब वही घेऊन बाजूला. जरा पुढं जाऊन बघतो तर श्रावण, ठेकेदाराच्या ओळखीचा, आरागिरणीतला तरणा माणूस. पहिला लठ्ठा त्यानं भरीव सांगितला. बरोबर होता. दुसराही बरोबर. तिसऱ्यावर घन पडला आणि मुखरूची मान आपोआप तिरकी झाली, कारण आतून पोकळ हवा बोलली. श्रावण म्हणाला, "भरीव." साहेबांनी वहीत लिहिलं.

"पोकळ हाय तो!" मुखरू ओरडला. "साहेब, पोकळ हाय! चिरून पाहा!"

सगळा डेपो थांबला. श्रावणानं घन खाली ठेवला. साहेबांनी वही मिटली, मुखरूजवळ आले, आधी त्याच्या खिशातल्या डबीकडं आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. चारचौघांत शोभा नको म्हणून असेल, त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"मुखरू, काल मी दुपारपर्यंत तुझी वाट पाहिली," साहेब म्हणाले. "तुझं नाव काढून टाकलंय. घरी जा."

त्या डेपोत इतकं हळू बोललेलं मुखरूला कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. आज शब्द न् शब्द ऐकू आला.