मार्थाकाकूंचं समाधान

समाधान या शब्दाचा मला राग यायचा. पोलोग्राउंड या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांमधल्या बायकांसाठी मी पत्रकं लिहिते, गेटवर बोलते. आमच्या चर्चमधल्या मार्थाकाकू तिथेच एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला, तरी दर प्रार्थनेत यांचे आभारच. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, "काकू, तुमच्या समाधानामुळेच मालकांचं फावतं."

त्या कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप असायचं. चाबी सुपरवायझरच्या खिशात. मागायची तर सगळ्या पुरुषांसमोर. सोमवारी मॅनेजरशी बोलायचं ठरलं आणि त्याआधीच माझा आवाज गेला. डॉक्टरांनी महिनाभर बोलणंच बंद केलं. मी देवावर चिडले. गरिबांसाठी वापरते तो आवाज, आणि तोच काढून घेतलास?

रविवारी आमच्या घरी प्रार्थना होती. एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची असते. माझी पाळी आली, मी नुसतीच बसले. शेजारून काकू म्हणाल्या, "प्रभू, हिला गप्प बसवलंसच आहे, तर जरा ऐकायला पण शिकव." सगळे हसले. मला ते लागलं.

सोमवारी मी सगळं लिहून मॅनेजरच्या ऑफिसात नेलं. वाचायला कोणी पुढे येईना. दहा-बारा बायका, नजरा खाली. प्रत्येकीला काम जायची भीती. काकूंनी माझा कागद घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मॅनेजरला इथल्या हिंदीत म्हणाल्या, "भिया, वो चाबी इधर दे दो."

"कल से काम पे मत आना."

"मत बुलाना. प्रभु ने आज तक भूखा नहीं सुलाया. पर चाबी तो देनी पड़ेगी."

मागे कोणीतरी हसलं. मग एकेक बाई पुढे सरकली. चाबी मिळाली.

काकूंना मात्र दुसऱ्या दिवशी खरंच आत घेतलं नाही. मी भांडतेय, अजून निकाल नाही. माझा आवाजही पूर्वीसारखा झालेला नाही. पण काकूंच्या ज्या समाधानाला मी भित्रेपणा समजत होते, त्याच्याच जोरावर काम झालं. काकूंचा भरवसा पगारावर नव्हताच, म्हणून त्यांना कोणी घाबरवू शकलं नाही. स्वतःला देवाच्या हाती सोपवणं म्हणजे मालकाच्या हाती सोपवणं नव्हे, एवढी साधी गोष्ट मला माझ्या एकाही पत्रकात लिहिता आली नव्हती.

काल मी विचारलं, "काकू, पस्तावा होत नाही?"

"वाईट वाटतं ना बेटा. रडले पण. मग वाटलं, आज त्या पोरी कोणाला न विचारता जाऊन येत असतील."

त्यांनी आभार मानायला डोळे मिटले. मला देवाकडे मागायचं पुष्कळ होतं. पण मीही आधी आभारच मानले.