मधली पट्टी

माझ्या थोरल्या भावाचा आवाज माझ्या हातानं पुसला गेला. दीड सेकंदाचा होता. तेवढाच उरला होता. आपल्याला काय माहीत होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत राहिलो, पण ते काही खरं नाही.

भाऊ लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. काविळीनं तीन आठवड्यांत गेला. मोबाईलमध्ये त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण सगळ्यांत बँडचा दणदणाट आणि मागं मान खाली घालून वाजवणारा तो. बोलताना एकही नाही. घरातही मोजकंच बोलायचा. त्याच्या वाटचं मीच बोलून घ्यायचो.

माझा नाद वेगळा. मी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे आणि सुट्टीच्या दिवशी माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत सिंथेसायझर बनवतो. दुकानात मिळतो तसा नव्हे. यात आवाजाच्या प्रत्येक कामाला वेगळी पेटी असते. एक नुसता सूर काढते, दुसरी त्याची धार कापते, तिसरी तो उघडते-मिटते. या पेट्या वायरींनी एकमेकींना जोडायच्या, बटणं पिळायची आणि काय निघतं ते ऐकायचं. बहुतेक वेळा घरघर निघते. आईनं एकदा वर येऊन बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "हे दुरुस्त कधी व्हायचं?"

खरं सांगायचं तर बनवण्यापेक्षा सुटे भाग गोळा करायचंच मला जास्त वेड. आमच्या भवानी पेठेतले माग एकेक करून बंद पडले, किलोवर विकले गेले. लोक हळहळत होते आणि मी त्यांच्या पॅनेलमधले स्विच काढून घेत होतो. कुर्डुवाडीचा एक भंगारवाला जुने टेपरेकॉर्डर माझ्यासाठी बाजूला ठेवतो. सगळं सामान बिस्किटांच्या डब्यांत, डब्यांना चिठ्ठ्या. कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिच्या आत काय असेल, हेच मला आधी दिसतं. अशी नजर माणसाला बरी नव्हे. भावाच्या तेराव्याला घर भरलेलं होतं आणि माझं लक्ष फडताळावरच्या त्याच्या छोट्या कीबोर्डवर होतं. लाज वाटते सांगायला, पण होतं.

तो कीबोर्ड त्यानं कधीतरी जुना विकत घेतला होता. खेळण्यासारखा दिसायचा. त्याला माइक होता. माइकमध्ये बोललं की दीड सेकंद आवाज धरून ठेवायचा आणि मग पट्टी दाबली की तोच आवाज वाजायचा, खालच्या पट्ट्यांवर जाड, वरच्या पट्ट्यांवर चिरका. त्याच्यातल्या चिपा आता कुठं मिळत नाहीत. मी वहिनीकडे तो मागितला. "ऱ्हाऊ द्या की भाऊजी," एवढंच ती म्हणाली. वहिनी अक्कलकोटकडची, मनातलं बोलायचं ते माहेरी फोनवर कानडीत बोलते. आमच्या वाट्याला तिचे असे तुटक शब्द येतात.

दोन वर्षांनी ती आपणहून कीबोर्ड घेऊन जिना चढून आली.

"मधली एक पट्टी बसलीया. तेवढी वर करून द्या की. आन् लाइटची वायर लावूनच करा, सेल काढू नका."

"बरं बरं," मी म्हणालो. वायर लावून यंत्र उघडायचं? कारखान्यात असं करणाऱ्याला मी शिव्या घालतो. का काढू नको, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण माझे हात शिवशिवत होते. ती जिना उतरली आणि मी नेहमीसारखं पहिलं काम केलं. वायर काढली, सेल काढले, मग स्क्रू.

पट्टीखालचं रबर झिजलं होतं. माझ्या डब्यात तसलं रबर होतंच. दहा मिनिटांत काम झालं. पुढचा तासभर मी आतल्या चिपा बघत बसलो, त्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले. मग सेल परत घालून कीबोर्ड खाली नेऊन दिला.

वहिनीनं हात पदराला पुसले आणि मधली पट्टी दाबली. नुसतं खट् झालं. शेजारची दाबली, परत मधली दाबली. मग माझ्याकडे बघितलं.

"सेल काढलते का?"

"हो," मी म्हणालो.

"'जेवलीस का गं' म्हणलेलं हुतं त्यात," ती म्हणाली.

बाकीचं मला आईकडून कळलं. माइक चालतो का बघायला भाऊ स्वयंपाकघरात तेवढं बोलला होता. तो गेल्यापासून वहिनी रोज दुपारी, मी कारखान्यात असताना, ताट वाढून घेतलं की ती पट्टी दाबायची. इतर पट्ट्यांवर आवाज परक्याचा व्हायचा. त्या एका पट्टीवरच तो भावाचा होता. म्हणून तीच झिजली. सेल बदलताना ती वायर लावून ठेवायची, भावानंच तसं शिकवलं होतं. असल्या यंत्राची आठवण सेलवर टिकते, वायर नसताना सेल काढले की जाते. हे मला माहीत होतं. घरात सगळ्यात जास्त मलाच माहीत होतं.

"पट्टी चांगली झालीया की," असं म्हणून तिनं कीबोर्ड फडताळावर ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मग मी भरपाई करायला निघालो. सूर काढणाऱ्या पेटीला धार कापणाऱ्या दोन पेट्या जोडल्या की आवाज थोडा माणसाच्या तोंडासारखा होतो. चार महिने मी दर सुट्टीला आणि कारखान्यातून आल्यावर रोज तेवढंच केलं. 'ए' जमला. 'आ' जमला. पण भाऊ 'का गं' कसं म्हणायचा, वर नेऊन की खाली सोडून? मला आठवेना. एका घरात वाढलो आम्ही, आणि मला आठवेना. तेव्हा मी माळवदावर बसून रडलो.

एका रविवारी दुपारी मात्र वाटलं, जमतंय. सूर खाली आणला, शेवट थोडा लांबवला. शब्द नव्हते, पण भाऊ तोंडात घास घेऊन बोलायचा तसं काहीतरी होतं. मी आवाज मोठा केला. वळून बघतो तर दारात वहिनी उभी.

"वाटतोय का त्याच्यासारखा?" मी विचारलं. मला खरंच आशा होती.

तिनं पेट्यांकडे बोट केलं.

"बंद करा ते, भाऊजी. पुसलं तरी आठवत हुतं मला त्यांचं बोलणं. पट्टी न दाबताबी ऐकू यायचं. आता जेवाय बसलं की ह्येच येतंय कानात."