बाबांनी लावून घेतलेली सर्दी

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. पुस्तकात असतं तसं लिहिणं मला जमेलच असं नाही. शिवाय ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती मला तेव्हा अर्धीच कळली होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबांचा जन्म मिठागरात गेलेला. त्यांच्या गालात आतून कॅन्सरची गाठ झाली. मुंबईच्या इस्पितळात विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. गाठ बसली, मग पुन्हा वर आली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, खातील ते द्या. आईनं मान हलवली. मीही हलवली. एसटीनं आम्ही त्यांना घरी आणलं.

त्यानंतर कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात एक लेख दिसला. अमेरिकेत सर्दीच्या एका विषाणूत फेरफार करतात, मग तो चांगल्या पेशींत फारसा वाढत नाही. कॅन्सरच्या पेशीत मात्र वाढतो आणि ती फोडून टाकतो. शब्दकोश घेऊन मी तो पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना विचारलं, "हे मुंबईत मिळेल का?"

सर म्हणाले, "अमेरिकेत माझा एक मित्र आहे, त्याला विचारतो. पण आशा लावून बसू नकोस."

मी "नाही सर" म्हटलं आणि घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं.

"सर्दी? नाकातून गलते ती?" बाबा गाल हातानं धरून बोलायचे.

"तिचाच विषाणू. पण बदललेला."

ते म्हणाले, "म्हंजे खाऱ्या पान्यावानी. भातात घुसलं तं भात मारतं, आगरात घेतलं तं मीठ करतं. उघाडी कुठं खोलायची ते कललं पायजे." भरतीचं पाणी आत घेतात त्या बांधातल्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. मला वाटलं, बाबांना बरोबर समजलं.

मिठागरातले त्यांचे जोडीदार असलेले शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे. मध्येच ते येईनासे झाले. त्यांना सर्दी झाली होती आणि आजाऱ्याच्या घरी शिंकत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाबांनी त्यांना निरोपावर निरोप पाठवले. शेवटी काका आले, पण दारातच उभे राहिले.

"आरं, नाक गलतंय माजा. बरा झालो का येतो."

"आत्ताच ये. आन इकडं तोंड करून शिंक."

काका माझ्याकडे बघून हसले. "पोरगा कॉलेजात सर्दी शिकून आला वाटतं!"

बाबांनी त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या उष्ट्या बशीतून चहा घेतला. अर्धा ओठांतून खाली सांडला. आई आतून ओरडत होती, "अवो, वेड लागलंय काय तुमाला?"

तिसऱ्या दिवशी बाबांना सडकून सर्दी झाली. ते खूश होते. सकाळी उठले की मला गाल दाखवायचे. "बघ रं, बसली काय?"

शेवटी मला सांगावंच लागलं. "बाबा, ही ती सर्दी नाही. ती बनवावी लागते."

बाबांनी नाक पुसलं. "मंग तुज्या सरांना सांग, लवकर बनवा म्हनावं."

सर्दी गेली, गाठ तशीच राहिली. मी कॉलेजातून आलो की बाबा काही विचारायचे नाहीत, फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे. मी हातपाय धुवायला मागच्या दारी जायचो. पुढं त्यांना पाणीही गिळवेना, आणि एका दुपारी ते गेले. मला रडू आलं नाही. लोक सांगत होते ते मी करत गेलो.

तेरावं झाल्यावर सर घरी आले. काका अंगणातच होते. सरांनी मला जवळ बसवलं. "मित्राचं उत्तर आलं. तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरवरच करून बघतायत तिथं. विषाणू सुईनं थेट गाठीत सोडतात. काहींची गाठ लहान झाली म्हणतो. पण आपल्याकडे इतक्यात यायचं नाही."

"थेट गाठीत?"

"हो."

सर गेल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हनत व्हते रं मास्तर?"

मी म्हटलं, "उघाडी गाठीतच खोलतात."